सर्जेरावांचे गुडघे

सर्जेराव चौगुल्यांना कुणी रस्ता विचारू नये. आमच्या कॉलनीत नवीन बिऱ्हाड आलं की पाणी कधी सुटतं आणि कचऱ्याची गाडी कधी येते हे सांगून झाल्यावर ही तिसरी सूचना दिली जाते. एकदा पुण्याची एक मोटार कोपऱ्यावर थांबली आणि चालवणाऱ्याने काच खाली करून गोव्याचा रस्ता विचारला. कोपऱ्यावर नेमके सर्जेराव उभे होते.

"पावणं, आंबोलीनं सगळं जगच जातंय," ते म्हणाले. "तुमी असं करा. गगनबावड्यानं खाली उतरा. खालनं फोंड्याला जावा. फोंडा घाट चढून परत वर या. राधानगरीचं जंगल बघा. मग आजऱ्याकडं सरका."

"पण आम्हाला गोव्याला जायचंय."

"जावा की. गोवा कुठं उठून चाललंय व्हय?"

मोटारवाल्याने काच वर केली आणि तो समोर दिसेल त्या रस्त्याने निघून गेला. सर्जेराव बराच वेळ त्या दिशेला बघत राहिले. "हायवेनं जाणार बघा," ते मला म्हणाले. कुणाचं पोरगं वाया गेल्याचं कळावं, तसा त्यांचा आवाज झाला होता.

साखर कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालेला हा माणूस. उंच, रुंद, आवाज तालमीतला. सह्याद्रीत कोकण, गोवा आणि कर्नाटकाकडे जाणारा एकही घाट त्यांनी सायकलवरून सोडलेला नाही. सगळे घाट त्यांना नात्यातले वाटतात. करूळचा घाट म्हणजे थोरले काका, तापट पण सरळ. भुईबावडा म्हणजे आत्याबाई, वळणावळणाने बोलणारी. आंबोली ही नवी सून, कायम नटलेली आणि घरात सतत पाहुणे. चढ सुरू झाला की ते खालून हाक देतात, "आलोय बरं का." आणि दम लागला की घाटालाच झापतात, "बास की आता. किती वाढवशील?"

लांबचा आणि चढाचा रस्ता दिसला की त्यांना जवळच्या रस्त्याने जाववत नाही. बेळगावला भाचीचं लग्न होतं तेव्हा त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, एसटीने गेल्या आणि हे आदल्या दिवशी सायकलने निघाले. वाटेत तिलारीचा घाट उतरून पुन्हा चढून आले. कार्यालयात पोचले तेव्हा नवरानवरी गाडीत बसत होती आणि मंडपवाले कापड सोडत होते. सर्जेरावांनी गाडीच्या खिडकीतूनच अक्षता टाकल्या, आचाऱ्यांच्या पंगतीला बसून जेवले आणि वर काकूंना विचारलं, "गर्दी फार होती का?"

काकू अजून तो विषय निघाला की म्हणतात, "ह्यास्नी शेवटचं न्यायचं झालं तरी घाटानंच न्यावं लागंल."

पण त्यांचा खरा अभिमान म्हणजे गुडघे. चहाच्या टपरीवर चार माणसं जमली की सर्जेराव पँट वर सारतात आणि समोरच्याचा हात धरून गुडघ्यावर ठेवतात. "दाबा. लाजू नका. आवाज येतोय का? न्हाय येणार. गुडघं न्हाईत ती, बेअरिंगं हायत." आमच्या भागातल्या हाडांच्या डॉक्टरांनाही त्यांनी एकदा बाकड्यावर बसवून गुडघा दाबायला लावला होता. डॉक्टरांनी उत्तम आहे म्हणून सांगितलं. पुढचे सहा महिने ते वाक्य आम्हाला ऐकावं लागलं.

मी विमा कंपनीत नोकरी करतो. खुर्चीत बसून माझं पोट टेबलाला टेकायला लागलं तेव्हा बायकोने मला सर्जेरावांच्या स्वाधीन केलं. सुरुवातीला कळंब्याचा तलाव, मग जोतिबाचा डोंगर, असं करत त्यांनी मला दोन वर्षांत बऱ्यापैकी तयार केलं. सायकल चालवताना ते जुन्या गोष्टी सांगायचे. त्या गोष्टींत "मी" फारसा नसायचा, "आमी" असायचं. आमी म्हणजे ते आणि बसप्पा. सीमेपलीकडच्या गावचा हा शेतकरी त्यांना आंबोलीच्या घाटात भेटला होता. दोघांच्याही सायकली एकाच वळणावर पंक्चर. बसप्पाकडे पंप होता आणि सोल्यूशन नव्हतं, ह्यांच्याकडे सोल्यूशन होतं आणि पंप नव्हता. तिथून पुढे दर थंडीत दोघं मिळून घाट फिरायचे. कुणाच्या राज्यातला रस्ता चांगला, यावर चढभर भांडायचे.

"मग हल्ली बसप्पा कुठं असतात?" मी एकदा विचारलं होतं.

सर्जेराव उतरून मागच्या चाकाची हवा बघायला लागले. मी पुन्हा विचारलं नाही. गेले असतील, असं मनाशी धरलं.

गेल्या डिसेंबरात ते म्हणाले, "चला, तुमास्नी तिलारी दाखवतो." गारगोटीवरून आम्ही आजऱ्याला मुक्कामाला गेलो. दुसऱ्या दिवशी काजूच्या बागांमधून चंदगड गाठलं आणि तिथे राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिलारीच्या दिशेला तोंड करून उभा राहिलो, तर सर्जेरावांनी सायकल बेळगावच्या बाजूला वळवली.

"वाईच एक काम हाय," एवढंच म्हणाले.

सीमा ओलांडली. पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. एका गावाच्या अलीकडे माळावर देऊळ होतं. त्याच्या मागे सर्जेरावांनी सायकली नेल्या, भिंतीला टेकवून कुलपं घातली आणि पिशवीतून इस्त्रीची पांढरी पँट आणि सदरा काढला. माझ्यासाठीही एक सदरा आणला होता. तो मला गुडघ्यापर्यंत आला.

"हितनं पुढं आपण एसटीनं आलोय," ते म्हणाले. "ध्यानात ठेवा."

"म्हणजे?"

"म्हणजे एसटीनं आलोय."

घर गावात शिरता शिरता उंचवट्यावर होतं. दारात एक बाई धान्य पाखडत होत्या. सर्जेरावांना बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, "या री अण्णा," म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या. येताना तांब्याबरोबर एक जुनं फडकं घेऊन आल्या. सर्जेरावांच्या पायाकडे न बघता त्यांनी ते त्यांच्या हातात दिलं. पांढऱ्या पँटच्या खाली, घोट्याच्या वर, सायकलच्या साखळीच्या वंगणाचा काळा पट्टा उठला होता. सर्जेरावांनी वाकून तो पुसला.

आत खिडकीशी खुर्चीत बसप्पा बसले होते. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात आणि पाय गेला होता. बोलणं थोडं ओढून येत होतं, पण चेहरा असा फुलला की खोलीत उजेड वाढल्यासारखं वाटलं.

"कूडरी, कूडरी," ते मला म्हणाले आणि डाव्या हाताने बाकाकडे दाखवलं. मी बसलो. सर्जेराव मात्र बाकाच्या काठाला धरून, कण्हत, हळूहळू खाली टेकले. दोन दिवसांपूर्वी गारगोटीच्या वाटेवर मला मागे टाकून गाणं म्हणत गेलेला हा माणूस.

"कसं हाय री गुडघं?" बसप्पांनी विचारलं.

"इचारू नगंस," सर्जेराव म्हणाले. "एसटीच्या पायऱ्या चढताना जीव जातोय. ह्यांनी हात दिला म्हणून आलो."

"तेल लावतोस का?"

"लावतोय की. काय उपेग न्हाय. डाक्टर म्हणला, सायकलचं नाव काढायचं न्हाय. इकून टाकली मी."

"मागच्या वर्षी सांगितलास," बसप्पा म्हणाले. त्यांनी डावा हात पुढे करून सर्जेरावांच्या गुडघ्यावर ठेवला आणि हळूहळू चोळू लागले. चहाच्या टपरीवर सगळ्या गावाला दाबायला लावलेला तो गुडघा होता. सर्जेरावांनी डोळे मिटले आणि बरोबर दुखल्यासारखा "स्स" असा आवाज केला.

"मी घरात बसलो तवा तू पण बसलास," बसप्पा म्हणाले. "वाईट झालं. पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं बघ. मला वाटायचं, दुसरा कोण तरी जोडीदार धरला असशील."

आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ह्यो व्हय?" सर्जेराव घाईने म्हणाले. "ह्येला सायकल येत न्हाय. लहानपणी पडल्याला, तवापासनं भ्या घेतलंय."

पाठीत कळा येत असताना मी मान डोलावली. बसप्पांना माझी फार दया आली. पुढचा अर्धा तास त्यांनी मला सायकल कशी चालवतात ते शिकवलं. चढाला वर बघायचं नाही, समोरच्या हातभर रस्त्याकडे बघायचं. वळणावर बाहेरच्या अंगाने जायचं, तिथे चढ कमी लागतो. सांगता सांगता ते आंबोलीत शिरले, तिथून रामघाटात गेले, आणि सर्जेराव मध्ये मध्ये चुका काढत राहिले. दोघांचं भांडण लागलं. पंप कुणाचा आणि सोल्यूशन कुणाचं यावरून आवाज चढला. बसप्पांच्या बायकोने, अक्कांनी, ताट वाढेपर्यंत दोघं तीन घाट चढून उतरून आले होते.

जेवण झालं. निघताना बसप्पांनी सर्जेरावांचा हात सोडला नाही. "पुढच्या वर्षी झेपलं तर ये. न्हाय तर नको येऊ. गुडघा सांभाळ."

अक्का आम्हाला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. थांबा बसप्पांच्या खिडकीतून सरळ दिसत होता. अक्का खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अण्णा, सायकली देवळामागं ठेवू नका. माळावर जाणारी माणसं बघतात आणि घरी येऊन सांगतात. दोनदा मी बाहेरच्या बाहेर अडवलं. पुढच्या टायमाला आमच्या गोठ्यात ठेवा. मागनं वाट आहे."

सर्जेरावांनी मान हलवली.

"आणि आता बस येईल तिच्यात बसा. ते बघत असतात."

बस आली. आम्हाला कुठेच जायचं नव्हतं, तरी आम्ही चढलो. सर्जेराव दांडीला धरून एकेक पायरी दमादमाने चढले. कंडक्टर वैतागला. "कुठलं द्यायचं?" त्याने विचारलं.

"पुढच्या फाट्याचं," सर्जेराव म्हणाले आणि खिडकीतून हात बाहेर काढून हलवत राहिले.

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. देवळाकडे परत जायचं तर शेतातून चालावं लागणार होतं. सर्जेराव पुढे आणि मी मागे, उसाच्या कडेच्या बांधाने निघालो. ऊस आमच्या डोक्याच्या वर होता. घर मधल्या टेकाडाच्या पलीकडे राहिलं होतं, तिथून आम्ही कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. तरी तो सहा फुटी माणूस शेत संपेपर्यंत कमरेत वाकून चालत होता.