एकतीस माणसांचं दुकान

फॉर्मच्या सतराव्या रकान्यात "गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाचं नाव" असं छापलेलं होतं, आणि दुकानात माणसं होती एकूण तीन. ऑफिसच्या खुर्च्या दुरुस्त करणारा मिस्त्री, गाद्या शिवणारी त्याची बायको आणि मिस्त्रीचे वडील आप्पा. आप्पांचं काम एकच होतं. दुरुस्त झालेल्या खुर्चीत बसून ते वर्तमानपत्र उघडायचे. तिसऱ्या पानापर्यंत डोळा लागला तर खुर्ची पास. जागे राहिले तर मिस्त्री मुकाट्याने ती खुर्ची पुन्हा उलटी करून बसायचा.

"झालं की मग!" मेहुणा म्हणाला. "आप्पा, गुणवत्ता विभागाचे प्रमुख."

हा मेहुणा म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो एका बड्या ऑफिसात नवव्या मजल्यावर बसायचा. तिथे तो नेमकं काय करतो हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं, पण गळ्यात ओळखपत्र आणि खिशात दोन फोन असलेल्या माणसाला असलं काही विचारायचा धीर कुणाला होतो? शहरातल्या एका मोठ्या कंपनीला आपल्या चौदाशे खुर्च्या वर्षभर दुरुस्त करून देणारं कुणीतरी हवंय, ही बातमी त्यानेच आणली होती.

मिस्त्रीला ते काम हवंच होतं. सुट्या गिऱ्हाइकांवर दुकान चालेनासं झालं होतं. हे काम हुकलं तर महिनाअखेर दुकानाला कुलूप लावायचं आणि एक तारखेपासून फर्निचरच्या एका शोरूमचं गोदाम सांभाळायला जायचं, असं ठरून गेलं होतं. त्या शोरूममध्ये खुर्ची मोडली की दुरुस्त करत नसत, फेकून नवी देत. आणि मिस्त्रीने आजवर एकही खुर्ची फेकली नव्हती.

"एकूण कर्मचारी किती?" मेहुण्याने पुढचा रकाना वाचला.

"तीन."

"भाऊजी, तीन लिहिलंत तर फॉर्म दारातूनच परत येईल. मोठ्यांचं काम घ्यायचं तर आपण मोठं दिसायला नको? अधूनमधून कोण कोण येतं इथे?"

"टेम्पोवाला येतो. खुर्च्या आणायला-न्यायला."

"वाहतूक विभाग. आणखी?"

"समोरचे दातांचे डॉक्टर. पण ते गप्पा मारायला येतात."

"संशोधन."

टेम्पोवाला, डॉक्टर, कुलूपवाला, शेजारची शिंपीण, तिच्या दोन जावा, अशी नावं लिहीत लिहीत आकडा एकतीसवर जाऊन थांबला. तोही रकान्यातली जागा संपली म्हणून.

"अरे, पण ते पहिलं पान वाचलंस का?" मिस्त्रीणबाईंनी भावाला विचारलं.

"पहिलं पान नुसतं स्वागताचं असतं गं ताई. आमच्याकडेही कुणी वाचत नाही."

आठवड्याभरात कंपनीचं पत्र आलं: तीन आठवड्यांनी आमच्या अधिकारी दुकान बघायला येतील. मेहुण्याला चेव चढला. त्याने सहा विभागांच्या पाट्या करून आणल्या. दुकान म्हणजे एक खोली, त्यामुळे विभाग कुठे मांडायचे हा प्रश्न होता. मोडक्या चाकांच्या कपाटावर "संशोधन" लागलं, छत्रीच्या खुंटीखाली "वाहतूक", आणि मोरीच्या दारावर "तक्रार निवारण". मिस्त्रीणबाईंच्या शिलाई मशीनवर "कर्मचारी विभाग" ही पाटी आली.

"नुसत्या पाट्या लावून भागत नाही," मेहुणा म्हणाला. "त्यांनी विचारलं तर सवय दिसली पाहिजे." म्हणून प्रत्येक खुर्चीला एक कार्ड बांधायचं आणि त्यावर सहाही विभागांच्या सह्या झाल्याशिवाय खुर्ची दाराबाहेर काढायची नाही, असा नियम झाला.

इथे घात झाला. आप्पांना आयुष्यात पहिल्यांदाच पद मिळालं होतं.

"खुर्चीचा हात डुगडुगतोय," दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले.

"कुठला हात, आप्पा? डावा की उजवा?"

"कार्डावर लिहिलंय."

"अहो, मी तुमच्या शेजारी बसलोय! तोंडाने सांगा की."

"तोंडी काही नाही. वाच."

डॉक्टर दात काढता काढता सहीला यायचे, म्हणजे पेशंटला आ वासून ठेवून. टेम्पोवाला सही करायला शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायचा. मिस्त्रीच्या पाठीत उसण भरली तेव्हा तो म्हणाला, "जरा पडतो गं," तर मिस्त्रीणबाई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "अर्ज?" दिवसाला बारा खुर्च्या काढणारा माणूस दोनवर आला.

अखेर तो दिवस उजाडला. मेहुणा नवा शर्ट घालून सकाळीच हजर झाला. टेम्पोवाला, डॉक्टर, शिंपीण आणि तिच्या जावा आपापल्या पाटीखाली उभ्या राहिल्या. अकराच्या ठोक्याला अधिकारी बाई आल्या. चाळीस सेकंदांत सगळे विभाग बघून झाले. शेवटी त्या आप्पांसमोर थांबल्या. आप्पा वर्तमानपत्र छातीवर घेऊन घोरत होते.

"हे?"

"गुणवत्ता," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे... त्यांना झोप लागली की खुर्ची पास, बाई."

बाईंनी आप्पांकडे बराच वेळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग शिवण तपासली, चाकं फिरवली, चार खुर्च्यांत बसून पाहिलं. "काम फार छान आहे तुमचं," त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रीचा जीव भांड्यात पडतोय तोच पुढे म्हणाल्या, "पण तुम्हाला देता येणार नाही."

"का हो?"

"पाहणी सगळ्यांचीच करावी लागते, पण हे काम यंदा फक्त दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांसाठी ठेवलंय. तुम्ही एकतीस. पहिल्याच पानावर लिहिलंय की."

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने आपल्या फोनकडे पाहिलं. मग दुसऱ्या फोनकडे.

"बाई, आम्ही तीनच आहोत!" मिस्त्री काकुळतीला आला. "हे सगळे शेजारी आहेत. हे तर दातांचे डॉक्टर!"

"संशोधन जोरात चालू आहे," डॉक्टर ठामपणे म्हणाले. त्यांनी हे वाक्य तीन आठवडे पाठ केलं होतं.

बाईंनी वही मिटली. "आता सगळेच लहान व्हायला बघतात. काल एका दुकानात माझ्या डोळ्यांदेखत पन्नासाचे चार झाले. कागदावर एकतीस आहेत, मी तेच धरणार."

मिस्त्रीला ते गोदाम दिसायला लागलं. मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, सुई गादीत खोचली आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"कर्मचारी विभाग कुणाकडे आहे? माझ्याकडे ना? मग ऐका. डॉक्टर, तुम्हाला कामावरून काढलं."

"अहो वहिनी, पण..."

"शिंपीणबाई, तुम्हाला काढलं. दोन्ही जावांना काढलं. टेम्पोवाले भाऊ, तुम्हालाही."

टेम्पोवाल्याचा चेहरा खरोखरच पडला. "माझं काय चुकलं, वहिनी? एकही सही चुकवली नाही हो मी. ताप असतानासुद्धा आलोय."

"तुमचं काही चुकलं नाही, भाऊ. घरी जेवायला या."

त्यांनी बाईंच्या वहीखालचा फॉर्म पुढे ओढला आणि नावं खोडायला सुरुवात केली. कुलूपवाला गावाला गेला होता, तो गैरहजेरीतच गेला. बाई नकळत खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या होत्या.

"समजा, तीनच आहात," त्यांनी विचारलं. "मग चौदाशे खुर्च्या कशा करणार? दिवसाला किती होतात?"

"बारा. पण गेले तीन आठवडे दोनच होतात," मिस्त्री खरं तेच बोलला.

"का?"

"सहा सह्या लागतात ना."

बाई पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांना हसू आवरेना. "गेल्या वर्षी आम्ही अकरा विभागांच्या कंपनीला काम दिलं होतं. दोनशे खुर्च्या नेल्या, त्या अजून त्यांच्या कुठल्या तरी विभागात आहेत. त्यात माझीही आहे. वर्षभर पाहुण्यांच्या स्टुलावर बसतेय मी." त्यांनी पेन काढलं. "आकडा दुरुस्त करा. बरोबर तीन उरले पाहिजेत. मी इथेच सही घेते."

मिस्त्रीणबाईंनी खोडलेली नावं मोजली. सत्तावीस भरली. पुन्हा मोजली, तरी सत्तावीसच. एक माणूस जास्त होता. यादीच्या अगदी वर, सुवाच्य अक्षरात, "मुख्य सल्लागार" म्हणून मेहुण्याने स्वतःचं नाव घातलं होतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "सख्खा भाऊ आहे मी तुझा."

"म्हणून तर शेवटी काढतेय," ताई म्हणाल्या आणि तिथेही रेघ ओढली.

"निदान अनुभवाचं प्रमाणपत्र तरी दे."

बाई सही घेऊन गेल्यावर मिस्त्रीने सगळी कार्डं खुर्च्यांवरून सोडवली. मग हात पुसून त्याने शोरूमला फोन लावला. एक तारखेला कधी येता, असं पलीकडून विचारलं गेलं.

"नाही जमणार हो," मिस्त्री म्हणाला. एकतीस लिहितानासुद्धा नव्हती एवढी ऐट त्याच्या आवाजात होती. "आमच्याकडे माणसं फार कमी आहेत."