निर्मलाअक्कांचा न उघडणारा डबा

निर्मलाअक्कांनी एकदा एका डब्याचं बसचं तिकीट काढलं होतं. जेवणाचा डबा नव्हे. फायबरच्या जोडाचा डबा, काळ्या प्लास्टिकचा, लोणच्याच्या बरणीएवढा. चिटगुप्प्याहून निघायचं, कलबुर्गीत गाडी बदलायची आणि अफजलपूरला जाऊन परत यायचं. सोबतीला आमचे मशीनवाले खाजाभाई. कंडक्टर म्हणाला, अक्का, मांडीवर घेऊ द्या की यांना, सामानाला कुठं तिकीट असतंय. अक्का म्हणाल्या, "मांडी धक्का खाते बाबा. शेवटच्या सीटवर बसू दे त्याला. तिथं हाडं मोजून घेते गाडी."

तर डबा बसून गेला आणि खाजाभाई दांडा धरून उभे. वाटेत एक म्हातारी चढली, तिनं डबा उचलून जागा मागितली. खाजाभाईंनी तिला डब्याचं तिकीट दाखवलं. अख्ख्या गाडीनं त्यांना शिव्या घातल्या, त्यासुद्धा तीन भाषांत. परत आले तेव्हा डब्यात एक तार हलली नव्हती. खाजाभाई मात्र दोन दिवस कंबर धरून चालत होते. अक्कांनी आधी डबा तपासला, मग त्यांना बाम दिला.

मी त्या वेळी नवीनच होते आणि मला वाटलं, आपण वेड्यांच्या घरात कामाला लागलो.

माझं सांगायचं तर मी राजापूरकडची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. नवरा चर खणायच्या मशीनवर. केबल टाकत टाकत त्याची टोळी बिदर जिल्ह्यात आली, मला चिटगुप्प्यात खोली करून दिली आणि टोळी पुढे ठाणाकुशनूरकडे गेली. मला कानडी येत नाही. इथलं मराठी येईल असं वाटलं होतं, तर तेही निम्मंच. एकदा बसस्टँडवर रडत बसले होते, कशासाठी ते आता आठवतही नाही. एक उंच, पांढऱ्या केसांची बाई समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कामून रडायलीस?" कामून म्हणजे का, हे मला कळेना, म्हणून मी आणखी रडले. त्या बाईनं माझी बोटं हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, सुईत दोरा ओवता येतो का. येतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी कामाला. नाव विचारलं ते पगाराच्या दिवशी, आणि तोवर मी "ए कोकण" झालेच होते.

अक्का शिकलेल्या. बेंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीत जन्मभर फायबरचे कनेक्टर आणि त्यांची हाउसिंग आखत होत्या. हाउसिंगला त्या घर म्हणतात. "काचेला घर पाहिजे का न्हाई?" निवृत्त होऊन गावी आल्या, बसस्टँडमागं पत्र्याच्या दोन खोल्या घेतल्या, साच्याचं मशीन बसवलं. मशीनवर खाजाभाई, जोडणीवर मी आणि गावातल्या तिघी बायका.

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. तिच्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडावर बसून तुमचे फोन, पिक्चर, बँका सगळं पळतं. दोन काचा जोडायच्या तर टोकाला टोक भिडलं पाहिजे. म्हणून कनेक्टरात पांढरी नळी असते आणि तिच्यामागं बारकी स्प्रिंग, टोकाला पुढं रेटणारी. अक्कांचं एकच सांगणं, "मधी हवा नको." हे त्या कनेक्टरला सांगतात तसंच जगालाही सांगतात. खाजाभाईंच्या पुतण्याच्या लग्नात नवरानवरी फोटोला लाजून दूर उभी होती. अक्का जेवणाच्या पंगतीतून उठल्या, खरकट्या हातानं लांबूनच म्हणाल्या, टेका की रे, मधी हवा नको. फोटोवाल्याचा हसून हसून कॅमेरा हलत होता. सगळे फोटो धूसर आले.

पहिल्याच दिवशी मी कनेक्टरच्या टोकावर फुंकर मारली. धूळ दिसली तर माणूस काय करणार? अक्का इतक्या जोरात धावत आल्या की मला वाटलं, गेली नोकरी, आजच गेली. "फुंकर मारायची न्हाई. फुंकरीत तुझ्या तोंडचं पाणी असतंय. फुंकर लेकराच्या गुडघ्यावर मारायची." तेव्हापासून मी चहासुद्धा फुंकत नाही. जीभ भाजते, पण भीती मोठी.

तारेला कडक वळण दिलं की उजेड बाहेर सांडतो, म्हणून अक्कांना कुठलंही कडक वळण बघवत नाही. शेजारणीची कपडे वाळत घालायची दोरी त्या सोडून मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून ठेवतात. एकदा रस्त्यात एका गड्याला थांबवून म्हशीचं दावं कसं गुंडाळावं ते शिकवलं. तो ऐकत उभा राहिला आणि तेवढ्यात म्हैस घरी गेली.

तर हा डबा. खांबावर टांगायचा, आत तारांचे जोड सांभाळायचा. आमची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली होती. हैदराबादच्या एका कंपनीला असे डबे हवे होते. त्यांनी पसंत केला तर वर्कशॉप राहणार, नाही केला तर अक्का मशीन विकणार. हे त्यांनी आम्हाला उभ्या उभ्या सांगितलं, जसं उद्या वीज जाणार आहे असं सांगावं. मी त्या रात्रीपासून आमच्या कोकणातल्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालायला लागले आणि तो लांब पडेल म्हणून इथल्या मारुतीलाही.

अक्कांनी डब्याची परीक्षा त्यांच्या पद्धतीनं घेतली. बसचं सांगितलंच. मग म्हशींच्या हौदात दगड बांधून बुडवला. मग गुळाचं पाणी फासून मुंग्यांच्या वारुळाशी ठेवला. मग तुरीच्या गोदामात, उंदरांपुढं. "उंदीर म्हंजे बिनपगारी साहेब हाय. त्यानं पास केलं की बास." उंदरांनी पास केलं. मुंग्यांनी बाहेरचा गूळ खाल्ला आणि गेल्या.

मग हैदराबादहून पगारी साहेब आला. तरुण, सभ्य, इस्त्रीचा शर्ट. त्यानं डबा पाण्यात ठेवला, वजन टांगलं, हातोडी मारली. आत थेंब नाही, तडा नाही. खाजाभाई माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. साहेब खूश होऊन म्हणाला, छान मॅडम, आता उघडून आत बघतो.

त्यानं दाबला. फिरवला. पोटाशी धरला. दोन्ही अंगठे लावले. कान लाल झाले. खिशातून पेचकस काढला, तो निसटून बायकांच्या डब्यात, म्हणजे खऱ्या जेवणाच्या डब्यात, वरणात पडला. खाजाभाईंना राहवेना. "अइसा नक्को साब," म्हणत ते पुढं झाले. अक्कांनी हात आडवा घालून त्यांना थांबवलं.

साहेब हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, खांबावर चढलेल्या माणसाला हा एका हातानं उघडता आला पाहिजे. प्रत्येक खांबावर खाजाभाई नसणार." तुरीची रास, म्हणजे मळणी, व्हायच्या आत सुधारून दाखवा म्हणाला आणि वरण लागलेला पेचकस पुसून गेला.

झालं होतं असं की आम्हा सगळ्यांना तो डबा चुटकीसरशी उघडत होता. हिरवी तुरीची शेंग सोलताना शिवणीवर अंगठा ठेवून जरा पीळ देतात ना, तसा. अक्का तुरीच्या रानात वाढलेल्या, खाजाभाई तसेच, बायका तशाच. मला आधी येत नव्हतं, पण तिघींनी माझा अंगठा धरून असा काही गिरवून घेतला की मीही त्यांच्यातलीच झाले. डबा घट्ट आहे हे चिटगुप्प्यात कुणाला कळणारच नव्हतं.

अक्का बराच वेळ डबा उघडत-लावत बसल्या. मग म्हणाल्या, "आपले हात शिकलेले हायत. आता अडाणी हात पाहिजेत. तुरीची शेंग न सोललेले."

चिटगुप्प्यात असा हात शोधणं म्हणजे समुद्रात गोडं पाणी शोधणं. पण मी शोधले, कारण नोकरी माझीही होती. सरकारी दवाखान्यातली केरळची नर्स. बँकेतला ओडिशाचा क्लार्क. मिठाईच्या दुकानातले राजस्थानी काका. सगळे माझ्यासारखेच, लांबून आलेले, संध्याकाळी काय करावं न कळणारे. अक्का म्हणाल्या, वर्कशॉपात नको, घरी आण.

अक्कांच्या घरात तोवर मी पाऊल टाकलं नव्हतं. कुणीच नाही. पगारसुद्धा त्या उंबऱ्यातून द्यायच्या. आत एक खुर्ची होती. बाकीच्या त्यांनी शेजारून मागून आणल्या.

काय मजा त्या संध्याकाळी! नर्सबाईंनी डबा दातांनी उघडायला घेतला, अक्का नको नको म्हणेपर्यंत प्लास्टिकवर दात उमटले. राजस्थानी काकांनी आधी डब्याला नमस्कार केला, मग मांडी घालून तासभर झुंज दिली. क्लार्क नुसता डबा कानाशी धरून हलवायचा, आत कुणी आहे का विचारावं तसा. अक्का त्यांच्या अंगठ्यांकडे डोळे लावून बसायच्या, मधेच म्हणायच्या, तिथं कामून दाबायलास, तिथं काय हाय? मग चुरमुरे भिजवून फोडणी दिलेला सुसला, मग चहा. तोडक्यामोडक्या हिंदीत सगळे आपापल्या गावच्या माशांबद्दल भांडायचे. काका शाकाहारी, ते पंच. खाजाभाईंना मात्र बंदी. ते खिडकीतून विचारायचे, खुला क्या?

त्यांचे अंगठे पुन्हा पुन्हा जिथं जायचे, तिथंच नवा खटका निघाला. लांब जीभ, तिच्यावर उठावाचा बाण, खाली स्प्रिंग. तुरीची रास व्हायच्या आत साहेब पुन्हा आला. एका हातात फोन होता, बोलता बोलता दुसऱ्या हातानं त्यानं डबा उघडला आणि उघडलाय हे त्याला नंतर कळलं. ऑर्डर आली. मी नवऱ्याला फोन करून इतकं रडले की त्याला वाटलं, काम गेलं. खाजाभाईंनी पेढे वाटले, मारुतीला एक, रवळनाथाचा मी खाल्ला.

पुढच्या बाजारच्या दिवशी वर्कशॉपला कुलूप लावताना अक्कांच्या काखेत डबा होता. नवा, पास झालेला.

"अजून जरा घट्ट वाटायलंय," त्या म्हणाल्या. "नर्सबाईला सांग, सांजच्याला ये म्हणावं. त्या बँकेच्या पोराला बी."

मी म्हटलं, अक्का, पास झाला की.

त्या कुलूप ओढून बघत राहिल्या.

आम्ही सगळे गेलो. खुर्च्या या वेळी मागून आणलेल्या नव्हत्या. नव्या होत्या, पायांना अजून दुकानातला कागद होता. कप आधीच मांडलेले, माणसांपेक्षा जास्त. नर्सबाईंनी सवयीनं डबा घेतला, बाणावर अंगठा ठेवला आणि तो उघडला. अक्का चहाचं पातेलं हातात घेऊन उभ्या होत्या, गॅस पेटवायचा राहिला होता.

क्लार्कनं डबा आपल्याकडे ओढला. बंद केला. जरा इकडे तिकडे दाबला. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, नहीं खुल रहा अक्का, आणि माझ्याकडे दिला.

तो डबा सकाळी मीच जुळवला होता. मी बाण सोडून त्याच्या पलीकडच्या बाजूला अंगठा ठेवला आणि जोरात दाबलं.

"माझ्याच्यानंबी उघडंना."

"मी म्हणलं न्हाई का," अक्का म्हणाल्या. "बसा. सावकाश बघू." आणि त्यांनी पातेल्यात आणखी पाणी ओतलं.