टोपी घातलेला गठ्ठा

जर्मनीतून शिकून सोलापूरला परतलो तो एकच ध्यास घेऊन : आपल्या रस्त्यांवर एकही माणूस मरता कामा नये. पण माझं जिच्यावर प्रेम होतं त्या पायलचे वडील, कुंडलिकराव, आमच्या लग्नाला हो म्हणेनात. "पोरगा गाडी लई बेफाम चालवतो म्हनं," एवढंच त्यांचं म्हणणं. मी ठरवलं, माझी नवी गाडीच त्यांना दाखवायची. समोर काही आलं की इशारा देणारी आणि वेळ पडली तर आपणहून ब्रेक लावणारी! (माहितीपुस्तक वाचायचं राहिलं होतं, जाहिरात मात्र पाठ होती.)

अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुंडलिकरावांचा टॉवेलचा कारखाना आहे. रविवारी तिथल्या मोकळ्या पटांगणात गाडी नेली. पायलच्या आई विजयमालाबाईंनी गाडीची पूजा केली आणि बंपरवर झेंडूचा जाडजूड हार आडवा बांधला. मी आतच बसलो होतो; गाडीच्या पडद्यावर लगेच अक्षरं उमटली : 'समोरचा सेन्सर झाकलेला आहे.' (होणाऱ्या सासूबाईंचा हार सोडायला सांगण्याइतका मी बेफाम नाही.) मी 'ठीक आहे' दाबलं आणि खाली उतरून त्यांना वाकून नमस्कार केला.

टॉवेलचा एक उभा गठ्ठा मी पटांगणाच्या मधोमध ठेवला.

"गठ्ठा म्हंजी मानूस व्हय?" कुंडलिकराव म्हणाले.

"माणसासारखा करू की!" मी त्यांचीच टोपी काढून गठ्ठ्याला घातली. मग त्यांना शेजारी बसवलं. त्यांनी सीटचा पट्टा लावून दोनदा ओढून पाहिला.

"ब्रेकवर पाय ठेव की."

"गरजच नाही, काका! विज्ञानावर विश्वास ठेवा!"

गाडीनं वेग घेतला आणि पिप्-पिप् सुरू झालं.

"ऐकलंत? तिला तुम्ही दिसलात!" मी आनंदानं ओरडलो आणि दोन्ही पाय वर घेतले.

"मी हितं हाय रं! तितं माजी टोपी हाय!"

धप्प! टॉवेल उडाले, टोपी काचेवर आली. (तेवढ्यात वायपर मात्र आपणहून सुरू झाले आणि टोपी शिस्तीत डावी-उजवीकडे फिरवू लागले.) घाबरून मी ब्रेक दाबला. पिप्-पिप् चालूच.

"अजून कुटं धोका हाय?" कुंडलिकरावांनी वाकून पडदा पाहिला. पट्टा लावलेल्या माणसाचं लाल चित्र लुकलुकत होतं. "माजा पट्टा तर लावल्याला हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नमस्काराला उतरताना काढलेला माझा पट्टा तसाच लोंबत होता.

कडेला उभी असलेली पायल धावत आली. तिनं कप्प्यातलं पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचलं : सेन्सर झाकला असेल तर यंत्रणा चालणार नाही. सामानाचे ढीग ती ओळखेलच असं नाही. ती चालकाला मदत करते. गाडी थांबवण्याची जबाबदारी चालकाचीच.

"मग ह्यानं काय केलं?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"आपल्या बाबांना उडवलं," पायल म्हणाली.

कुंडलिकरावांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मी मनातल्या मनात परतीचं विमान शोधलं.

"पोरगी देतो," ते म्हणाले. "जाहिरातीवर एवढा इस्वास ठेवनारा मानूस कुनाला फसवायचा न्हाय. पन गाडी पायल चालवंल."

लग्न झालं. आता मी तिच्या शेजारी बसतो. सायकल दिसली की ओरडतो, सांगोल्याच्या रस्त्यावर बकरी दिसली की ओरडतो. ब्रेक तीच लावते, तिला वाटेल तेव्हा. मला इशारा देण्यापुरतीच परवानगी आहे.

आणि तोही फार झाला की ती गाणी मोठ्यानं लावते.