चौथ्या पानावरचं दुकान

रफूताईंचं दुकान सर्च इंजिनवर शोधलं तर चौथ्या पानावर सापडायचं, आणि चौथ्या पानापर्यंत जायचा धीर ज्या माणसात अजिबात नाही, नेमकी त्याच माणसाची त्या वाट बघत होत्या. हा माणूस म्हणजे त्यांची धाकटी बहीण. धाकटीने लहानपणी एकही पुस्तक पहिल्या पानापुढे वाचलं नव्हतं आणि एकही कपडा खिळ्याला अडकवून फाडल्याशिवाय सोडला नव्हता. आज ना उद्या तिचं काहीतरी फाटेल, ती रफू करणारं कोणी शोधेल आणि आपलं नाव तिच्यासमोर येईल, एवढ्या आशेवर ताईंनी दुकानाची वेबसाइट करून घेतली होती.

भांडण आईच्या शिलाई मशीनवरून झालं होतं. आई गेल्यावर धाकटी म्हणाली, मशीन मी नेते. ताई म्हणाल्या, "तुला वेळेवर तेल तरी घालता येतं का?" शब्दाने शब्द वाढत गेला आणि धाकटी दुसऱ्या गावी गेली ती गेलीच. खरं तर रफू हातानेच करतात; ताईंना त्या मशीनचा काडीचा उपयोग नव्हता. ते दुकानाच्या कोपऱ्यात नुसतं उभं होतं. ताई त्याला नेमाने तेल घालायच्या आणि घालताना डोळे पुसायच्या.

रोज दुपारी काम थंडावलं की त्या फोनवर 'रफू' असं लिहून स्वतःला शोधायच्या आणि एक लांब उसासा टाकायच्या. एके दिवशी तो उसासा जावयाने ऐकला. जावई विम्याच्या कचेरीत होता आणि त्याला सगळ्यातलं थोडं थोडं कळायचं.

"आई, आठ दिवसांत तुम्हाला पहिल्या पानावर नेऊन बसवतो."

"ते कसं?"

"दुसऱ्यांच्या वेबसाइटवर तुमच्या दुकानाची लिंक दिसली की सर्च इंजिनला वाटतं, दुकान नावाजलेलं आहे. आणि लिंका विकत मिळतात. शेकड्याने."

"लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून पैसे मोजायचे?"

"सगळेच मोजतात, आई."

ताईंची मुलगी वेबसाइट बनवण्याच्याच धंद्यात होती. तिला विचारलं असतं तर तिने नवऱ्याचा हात धरला असता, म्हणून नवऱ्याने तिला विचारलंच नाही.

लिंका लागल्या. कुत्र्यांच्या खाण्यावर, पाण्याच्या टाक्यांवर, टक्कल पडण्यावर लिहिणाऱ्या पानांवर मधेच एक वाक्य उगवलं, 'सर्वोत्तम रफू इथे मिळेल.' दुकान खरोखरच पहिल्या पानावर आलं. ताई ठेवणीतले कपडे घालून फोनजवळ बसल्या. फोन वाजला की पहिल्याच घंटेला उचलायच्या.

"केस गळण्याच्या लेखात तुमचं नाव वाचलं," पलीकडून एक गृहस्थ म्हणाले. "टाळूवर करता का?"

"टाळूवर नाही करत."

"मग कुठे करता?"

"कोपरावर, गुडघ्यावर. पण कपड्याच्या."

त्यानंतर गळक्या टाकीचा फोन आला. धाकटीचा काही आला नाही. आणि आठवडा उलटायच्या आत दुकान सर्च इंजिनवरून नाहीसं झालं. चौथ्या पानावर नाही, चाळिसाव्यावर नाही, दुकानाचं पूर्ण नाव लिहिलं तरी नाही. आता धाकटी शोधायला आली तर तिला वाटेल ताईने दुकान बंद केलं, किंवा ताईच राहिली नाही, या विचाराने ताईंना जेवण जाईना. तेव्हा कुठे मुलीला बोलावणं गेलं.

"सर्च इंजिनची पेनल्टी बसलीय, यादीतूनच काढून टाकलंय," मुलगी म्हणाली. "एका रात्रीत शेकडो लोकांना तुझं कौतुक सुचलं, तेही सगळ्यांना सारख्याच शब्दांत. कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्याचा रफूशी काय संबंध? शिवाय तीच पानं जुगारवाल्यांचंही कौतुक करतायत. पकडायला कितीसा वेळ लागणार?"

"घाईत केलेलं रफू असंच ओळखू येतं," ताई म्हणाल्या. "सगळा दोरा नवा कोरा दिसतो."

"उपाय काय?" जावयाने पडेल आवाजात विचारलं.

"विकतच्या लिंका काढायला सांगायचं. जे ऐकणार नाहीत, त्यांच्या लिंका हिशेबात धरू नका असं सर्च इंजिनला कळवायचं. आणि चूक कबूल करून माफी मागायची."

"ते मी करतो," जावई म्हणाला. चुकलेल्या माणसाला जरा जास्तच उत्साह असतो. त्याने ज्या ज्या पानावर दुकानाची लिंक होती त्या सगळ्यांना सरसकट एकच मेल पाठवला: 'आपण दिलेल्या लिंकमुळे आमचं अतोनात नुकसान झालं आहे. ती तत्काळ काढावी व यापुढे आमचं नाव घेऊ नये, अन्यथा वकिलामार्फत कारवाई करण्यात येईल.' खाली ताईंचं नाव.

लिंका लावायला पैसे घेतलेल्यांनी काढायलाही पैसे मागितले. एकच उत्तर वेगळं होतं. 'काढणार नाही. वकील पाठव.'

मुलीने ते पान उघडलं. शिवणाचे वर्ग चालवणाऱ्या कुणा बाईंचं होतं. तळाशी लिहिलं होतं, 'मी शिवायला शिकवते. फाटलेलं नीट करणं मला जमत नाही, त्यासाठी माझ्या ताईकडे जा. तिच्यासारखा हात कुणाचाच नाही.' खाली दुकानाची लिंक.

"अरे, ही विकतची नाही," मुलगी नवऱ्याला म्हणाली. "आईची वेबसाइट सुरू झाली, त्या वर्षापासूनची आहे ही. मावशीला वकिलाची धमकी दिलीस तू."

पानावर फोन नंबर होता. मुलीने तो लावला आणि फोन ताईंच्या हातात दिला.

"वकील बोलतोय का?" धाकटीने विचारलं.

"मी बोलतेय."

"चौथ्या पानावर होतीस," धाकटी म्हणाली. "शोधताना जीव मेटाकुटीला आला माझा."

"तू चौथ्या पानापर्यंत गेलीस?"

"गेले की. तुझ्यासाठी."

"मग फोन का नाही केलास?"

"तू करशील म्हणून. माझा नंबर समोरच होता. ताई, तू मला एकदाही शोधलं नाहीस?"

इतकी वर्षं रोज दुपारी ताईंनी फक्त स्वतःलाच शोधलं होतं. "मला सुचलंच नाही गं," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं. पलीकडेही नाक ओढल्याचा आवाज आला.

"मशीन आहे का अजून?"

"आहे. मी घेऊन येते."

"आण. पण तेल कसं घालायचं ते शिकवत बसू नकोस."

पुढे सर्च इंजिनने माफी मान्य केली आणि दुकान पुन्हा दिसू लागलं, चौथ्याच पानावर. जावई ही बातमी भीतभीत सांगायला गेला, तर दुकानाला कुलूप होतं, आणि काचेतून कोपऱ्यातली रिकामी जागा दिसत होती.