काटा मारायचा नाय

कडुबाकाकांनी माझे चाळीस किलो एका मिनिटात पंचवीसवर आणले, तेही भर जिममध्ये, सगळ्यांच्या देखत.

गैरसमज नको. माझं स्वतःचं वजन चाळीस किलो होतं त्याला आता जमाना झाला. हे उचललेलं वजन. बाकावर उताणं पडायचं, रॉड दोन्ही हातांनी छातीपर्यंत आणायचा आणि परत वर ढकलायचा. याला बेंच प्रेस म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी "हाडं ठिसूळ होतायत, वजन उचला" म्हणून दम भरला तेव्हा मी जिमला लागले, आणि बघता बघता चाळीस किलो ढकलायला लागले. नवऱ्याला सांगितलं, आमच्या मेडिकलच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं, नणंदेला तर मुद्दाम फोन करून सांगितलं.

आणि हा माणूस, ना ओळख ना पाळख, माझ्या डोक्याशी येऊन म्हणतो, "बाई, ह्यातले पंचवीस तुमचे. बाकीचे खालिदचे."

खालिद आमचा ट्रेनर. मनाचा गोड. माझ्या डोक्यामागं उभा राहून रॉडला खालून हात लावायचा आणि ओरडायचा, "आपकाच है आंटी, आपकाच है!" मला आपलं खरंच वाटायचं की माझंच आहे.

"आपकाच है म्हणायचं अन् निम्मं आपणच उचलायचं," काका म्हणाले. "ह्याला आमच्यात काटा मारणं म्हणत्यात. काटा मारायचा नाय!"

'आमच्यात' म्हणजे वजनमापं खात्यात. हा गृहस्थ मूळचा कन्नड तालुक्यातला. उभी नोकरी बाजारातले तराजू तपासण्यात घालवली. त्याला बघून किराणावाले वजनं पुसायला घ्यायचे म्हणे. रिटायर होऊन पुंडलिकनगरात घर बांधलं आणि तपासायला काही उरलं नाही म्हणून आमच्या जिमवर घसरला. नावातच कडू, मग जिभेचं काय सांगावं!

आल्या आल्या त्यानं काय केलं असेल? घरून ताणकाटा आणला, खिडकीच्या गजाला टांगला आणि जिमच्या सगळ्या प्लेटा मोजल्या. दहाची एकही दहा भरली नाही. प्रत्येकीवर खडूनं खरं वजन लिहून ठेवलं. तालेवार पोरं, ज्यांनी छातीचे फोटो जगभर पाठवलेले, ती बिचारी एका सकाळीत किलो-दोन किलोनं उतरली. मालक भडकला, पण बोलणार काय? काटा समोर लटकत होता.

मी चिडून म्हटलं, "काका, तुम्हाला काय त्रास होतो हो? मी खुश, खालिद खुश."

"गिऱ्हाईक बी खुश असतं बाई. घरी जाऊन मोजेपर्यंत."

मी हट्टाला पेटले. म्हटलं, चाळीस करीन आणि याच्या छाताडावर करीन. तर हा म्हणाला, "मंग उद्यापासून माझ्यासमोर."

तिथून माझे हाल सुरू झाले. "खांद्यामागली दोन्ही पाती मागं अशी आवळा, मधी लिंबू धरलंय समजा. पडू द्यायचं नाय." "पाय जमिनीत रोवा, हवेत काय सायकल चालवता का?" "अंगठा गुंडाळा रॉडभोवती. निसटला तर नरड्यावर यील." "छातीवर टेकू द्या, थांबू द्या, मंग ढकला. उसळी मारून वर आलं ते मी धरत नाय." कोपरं जरा बाहेर गेली की "पंख मिटा!" असं ओरडायचा. अख्खं जिम बघायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वजन वाढवायची तऱ्हा तर विचारूच नका. जिममधली सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना लावली की पाच वाढले. काका म्हणाले, "एवढी उडी कशाला? चालत जाऊ." आणि पिशवीतून काढली तराजूची जुनी लोखंडी वजनं. अर्धा किलोची, पाव किलोची. रॉडच्या दोन्ही टोकांना सुतळीनं बांधली. आठवड्याला तेवढंच वाढवायचं, दम संपायच्या आधी थांबायचं, मधे एक दिवस आराम. मी आडवी, माझ्यावर किराण्याची वजनं लोंबकळतायत, आणि कॉलेजच्या पोरी हसतायत.

"मी काय कांदे-बटाटे आहे?" मी ओरडले.

"कांद्याला काय अक्कल असती का? त्यो गप पडून ऱ्हातो," काका म्हणाले. "तुम्ही बी बोलू नका. श्वास धरा."

मागं उभे राहायचे ते दोन्ही पंजे रॉडच्या खाली पसरून, पण टेकवायचे नाहीत. "मी हाय. पण हात लावणार नाय." एकदा रॉड अर्ध्यावर अडकला. मी लालेलाल. काका खाली बघतायत शांत, जसा काही दूध उतू जायची वाट बघतायत. अगदीच खाली आला तेव्हा दोन्ही हातांनी उचलून जागेवर ठेवला आणि म्हणाले, "शून्य." अहो, निम्मा तरी धरा! मी आठवडाभर गेलेच नाही. मग नवरा म्हणाला, "सुटलीस एकदाची," आणि त्याच्यावर डूख धरून परत गेले.

एक दिवस मात्र त्यांनी मला भलतंच विचारलं. "बाई, खरं सांगा. रॉडला कुणी बोट लावलं तर तुम्हाला कळतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती हलकं लावलं तर कळत नाय?"

माझं डोकंच फिरलं. मी इथं घाम गाळतेय आणि हा माझ्या इमानावर शंका घेतोय! "कळतं की," मी फणकाऱ्यानं म्हटलं. "करंगळी लावली तरी कळतं." काकांचं तोंड एवढंसं झालं. मला मेलीला वाटलं, बरी जिरवली.

होळीनंतर चाळीसचा दिवस आला आणि काकांचाच पत्ता नाही. आदल्या दिवशीही नव्हते. मी म्हटलं, गेले उडत, मी करणारच. खडूचे आकडे जुळवून, उरलेलं काकांनी जिममध्येच ठेवलेल्या वजनांनी, सुतळीनं बांधून, खरे चाळीस केले. खालिद मागं उभा राहिला. "आंटी, हाथ लगाऊं?" "खबरदार!" बिचाऱ्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधले. लिंबू आवळलं, पंख मिटले, छातीवर टेकवलं, थांबले, ढकललं. अर्ध्यावर थरथरलं, पण गेलं वर. खालिद हात न सोडता बोंबलला, "आपकाच है!" आणि या खेपेला ते माझंच होतं.

स्कूटी काढली ती थेट काकांच्या घरी. पेढेबिढे काही नाही, फक्त तोंडावर फेकायला: चाळीस!

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत पलंगावर गयाकाकू उताण्या पडलेल्या. त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलंय हे मला माहीतच नव्हतं. काकांनी कधी सांगितलं नाही. जिममधून चहालाही न थांबता घराकडं का पळायचे ते तेव्हा कळलं. काकूंच्या दोन्ही हातांत लाटणं होतं, उजवा हात घट्ट आणि डावा फडक्यानं बांधलेला, आणि लाटण्याला सुतळीनं लटकवलेलं पाव किलोचं वजन. काका डोक्याशी उभे. "पंख मीट, गया. हां. तुझंच हाय, तुझंच हाय."

लाटणं वर चाललं होतं. आणि डाव्या बाजूला, लाटण्याच्या खाली, काकांचं बोट होतं.

काकूंनी मान वळवली. "या बाई! बघितलं का? दोन दिस हे जिमला न जाता माझ्याच मागं लागले, आज पाव किलो उचललं. अन् हे हात लावत न्हाईत बरं, लई कडक माणूस."

काकांनी माझ्याकडं बघितलं. काटा मारताना सापडलेल्याचे असे डोळे त्यांनी नोकरीभर फक्त समोरच्याचे बघितले असतील.

"बघितलं ना," मी म्हटलं. "काकांनी बोटसुद्धा लावलं नाही."

काका खाकरले आणि चहा टाकायला आत गेले. पातेल्याचा आवाज आला तशी काकूंनी मला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं अजून एका बाजूनं ओढलेलं होतं.

"मला कळतंय हो बोट," त्या हळूच म्हणाल्या. "पर बोलले तर हे काढून घेतील. मंग ह्येंनी काय करायचं दिवसभर?"

काका चहा घेऊन आले. माझ्या हातात कप देत म्हणाले, "आज चाळीस होतं ना तुमचं?"

"झालं. खरे चाळीस. कुणी हात लावला नाही."

"पण म्या कुठं बघितलं? धरणार नाय. उद्या परत, माझ्यासमोर."

संतापानं माझा चहा हिंदकळला. मी तोंड उघडलं, बोटाचं नाव जिभेवर आलंच होतं. पलंगावरून गयाकाकूंनी चांगल्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"येते उद्या," मी म्हटलं, आणि चहा प्याले.