मागच्या बॅटरीची काळजी

गाडीतला दिवा चालू राहिला होता आणि तो बंद करायला पुन्हा जिना उतरून जायचं नाही, असा निर्णय मी घेतला. उभ्या नोकरीत मी एकही निर्णय घेतला नव्हता (कारकुनानंच निर्णय घेतले तर साहेबांनी दिवसभर काय करायचं?). त्यामुळे हा माझ्या आयुष्यातला पहिलाच स्वतंत्र निर्णय, आणि तोही आळसातून झालेला.

गाडी म्हणजे चाकांवरची एक खोलीच आहे. आत पलंग, ओटा, शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप आणि छताला पंखा. मी निवृत्त झालो की दोघांनी हिच्यातून फिरायचं, असं बायकोचं आणि माझं ठरलं होतं. मी ठरल्या तारखेला निवृत्त झालो. बायको त्याआधीच देवाघरी निघून गेली, आणि तेही गाडी न घेता. तेव्हापासून गाडी घरासमोर उभी आहे आणि मी घरात बसलेला आहे. दोघांत फरक एवढाच की तिचा विमा उतरवलेला आहे.

आमचे चिरंजीव दूरच्या शहरात असतात. मध्ये एकदा येऊन त्यांनी गाडीच्या टपावर सोलर पॅनेल बसवलं आणि मला समजावून सांगितलं.

"बाबा, हिला दोन बॅटऱ्या आहेत. पुढची इंजिन सुरू करायला. मागची दिवे, पंखा, फ्रिज यांच्यासाठी. गाडी नुसती उभी राहिली की मागची मरते. म्हणून हे पॅनेल. उन्हावर आपोआप चार्ज होत राहील."

"मला काय करायचं?"

"काहीच नाही."

हे काम मला जमण्यासारखं होतं. शिवाय मागची बॅटरी किती भरली आहे ते दाखवणारं एक ॲप त्यानं स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतलं.

"माझ्या फोनमध्ये का नाही?"

"तुम्ही उगाच काळजी करत बसाल."

तर त्या दिव्याचं असं झालं की नेमकं दोन दिवस आभाळ होतं. दिवा जळत राहिला, पॅनेल झोपून राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चिरंजीवांचा फोन आला. (एरवी त्यांचा फोन म्हणजे 'नंतर करतो' असा मेसेज.)

"बाबा, मागची बॅटरी अर्ध्याखाली गेलीय!"

"हो का? तू कसा आहेस?"

"मी ठीक. आत काही चालू राहिलंय का?"

"बघतो. सूनबाई काय म्हणते?"

"ती बरी आहे. बाबा, आधी बंद करा."

"तिला?"

"दिव्याला!"

मी दिवा बंद करून आलो, तोवर तो फोनवर थांबला होता. चांगला थांबला होता! मागून सूनबाईच्या भांड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, आयुष्य कमी होतं." कोणाचं, ते त्यानं सांगितलं नाही. त्या दुपारी मी वरणभात दोनदा वाढून घेतला.

इथं मला ऑफिसात शिकलेली एक गोष्ट आठवली. आमच्याकडे जी फाइल बिनचूक असे ती कपाटात जाई आणि तिथंच राही. पण त्रुटी निघालेल्या फाइलीचा थाट काय वर्णावा! ती टेबलाटेबलावरून फिरायची, लोक तिच्यावर डोकी एकत्र करून बसायचे, खुद्द साहेब विचारायचे, "त्या फाइलीचं काय झालं?" आणि मी मात्र मुलाला 'तब्येत ठीक, जेवण ठीक, सगळं ठीक' असं कळवत आलो होतो. म्हणजे बिनचूक फाइल. मग कपाटात राहिलो यात नवल ते काय? त्रुटी काढायला हवी होती. स्वतःत काढण्याचा धीर होईना, म्हणून बॅटरीत काढली.

दुसऱ्याच दिवशी मी गाडीतला पंखा लावला, सगळे दिवे लावले आणि रिकामा फ्रिज सुरू केला. पण ऊन असं कडक की मी खालून जेवढं खर्चावं तेवढं पॅनेल वरून भरत होतं. माझी खटपट आणि त्याची कर्तव्यनिष्ठा यांचा सामना दोन दिवस चालला. शेवटी मी शिडी लावली आणि बायकोची जाड डबल बेडची चादर घेऊन टपावर चढलो. (घरात डबल बेडच्या चादरीला आता दुसरं काम नाही.)

खालून शेजारच्या वकीलबाईंचा आवाज आला, "काका, वर काय करताय?"

"चादर वाळत घालतोय."

"ओली दिसत नाहीये."

"म्हणजे लवकर वाळेल."

वकीलबाईंनी उलटतपासणी पुढे ढकलली आणि त्या आत गेल्या.

चादरीनं काम चोख केलं. संध्याकाळी फोन आला. दोन दिवसांनी पुन्हा आला. मग तर रोजच येऊ लागला. आम्ही बॅटरीबद्दल बोलायचो, पण बॅटरीच्या आडून काय काय यायचं! त्याची बढती अडली आहे, सूनबाईला शेपू आवडत नाही, त्याचा गुडघा दुखतो. माझाही दुखतो म्हटल्यावर तो म्हणाला, "मला सांगितलं नाहीत कधी?" मी म्हणालो, "तू कधी गुडघ्याबद्दल विचारलं नाहीस, बॅटरीबद्दल विचारतोस." तो हसला. मुलगा हसतो कसा हे मी विसरत चाललो होतो. तो थेट त्याच्या आईसारखा हसतो, आधी श्वास घेऊन.

मग त्यानं एक मेकॅनिक पाठवला. येतोय असं मेकॅनिकनं आधी कळवलं, म्हणून मी चादर काढून ठेवली. त्यानं तारा चिमटीत धरल्या, मीटर लावलं, मान हलवली.

"साहेब, पॅनेल एक नंबर आहे."

"मग चार्ज का होत नाही?"

"आत्ता होतंय की."

"तुम्ही आल्यावर होतंय."

"असं असतं," तो आढ्यतेनं म्हणाला, "माझा हात लागला की बऱ्याच गाड्या सुधारतात."

तो कोपऱ्यावर वळला आणि मी शिडी लावली.

फोन आता काळजीच्या सुरात येऊ लागला. मला थोडी लाज वाटायची, पण तेवढ्यात तो "जेवलात का?" असं विचारायचा आणि लाज मागे पडायची. होता होता शनिवारी सकाळी, मी दात घासत असताना, दारात चिरंजीव उभे. हातात नवी कोरी बॅटरी. न कळवता! तोंडात फेस घेऊन मी धावलो, पण तो आधीच अंगणात उभा राहून वर पाहत होता.

"बाबा, टपावर चादर?"

"वाऱ्यानं उडून आली असेल."

"चारी कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे लावून?"

मी फेस गिळला. तो वर चढला, चादर काढली, खाली येऊन तिची घडी घातली. मग गाडीतल्या शेगडीवर त्यानं चहा केला आणि आम्ही पलंगाच्या कडेला शेजारी शेजारी बसलो. या गाडीत दोन माणसं बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"खरं सांगा बाबा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "चादर का घातलीत?"

एवढा सोपा प्रश्न मला कोणत्याही परीक्षेत आला नव्हता. उत्तर तोंडाशी आलं होतं. 'तुझा फोन यावा म्हणून.' चार शब्द. पण बाप म्हणून काही आब असतो की नाही? मी कपात बघत म्हणालो, "ऊन फार होतं. जास्त चार्ज होऊन बिघडेल असं वाटलं."

त्याचा चेहरा असा काही मोकळा झाला की मला वाटलं, कुठलंसं ओझं माझ्याकडून त्याच्याकडे जाता जाता वाटेतच पडलं.

"अहो बाबा! त्यात कंट्रोलर असतो. भरली की आपोआप थांबते. एवढंच होतं होय! आणि मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही."

दोन दिवस तो राहिला. बॅटरी बसवायला त्याला तासभर लागला, पण मी त्याला चुकीचा पाना देऊन देऊन तो अर्ध्या दिवसावर नेला. निघताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, आता काळजी नाही. माझ्या फोनची वाट बघायला नको. बॅटरीच्या कंपनीत तुमचा नंबर देऊन ठेवलाय. रोज त्यांचाच फोन येईल, थेट तुम्हाला."

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. बाईचा आवाज होता, गोड आणि सावकाश. "नमस्कार. आपल्या वाहनाची बॅटरी पूर्ण चार्ज आहे. हा संदेश पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा." कोणी तरी माझ्याशी बोलून वर पुन्हा बोलायला तयार होतं. मी एक दाबला. तेव्हापासून मी संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसू लागलो. मी बोलायचो, ती बोलायची. ती माझं ऐकत नसे, पण संसारातही तेवढं चालवून घ्यावं लागतं.

काल तिला विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, संदेश पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा, सेवा बंद करण्यासाठी नऊ दाबा. मी घाईघाईनं बटण दाबलं. चष्मा आतल्या खोलीत होता.

"आपली विनंती मान्य करण्यात आली आहे," ती म्हणाली. "धन्यवाद."

इतकी वर्षं सरकारदरबारी अर्ज केले, पण माझी विनंती इतक्या तत्परतेनं मंजूर झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.