दरडोई एक लिटर

सूर्यमाळजवळच्या एका पाड्यातील श्रीमती फागी यांना दिवसाला एक लिटर पाणी पुरते, ही बाब १९८९ च्या एप्रिलमध्ये शासनाच्या निदर्शनास आली. निदर्शनास आणणारा मी, टंचाई शाखेचा कारकून.

त्याचं असं झालं. फागीच्या हृदयाचे ठोके वर्षभर वेडेवाकडे पडत होते. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात हृदयाचे वरचे कप्पे कापून पुन्हा शिवले आणि ठोके ताळ्यावर आले. पण त्याच कप्प्यांतून एक रस रक्तात सुटतो आणि मूत्रपिंडांना पाणी नि मीठ बाहेर टाकायला लावतो. शिवणीनंतर तो कमी पडला, अंगात पाणी साचू लागलं. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं, 'पाणी दिवसाला एक लिटर. जास्त दिल्यास धोका.'

तिचा नवरा लहान्या पाड्याच्या टँकरसाठी अर्ज घेऊन आला. आमच्या अर्जाला गावातल्या आजारपणाचा कागद जोडावा लागतो. कशासाठी, ते कुणी विचारलेलं नाही. त्याने ते कार्ड जोडलं.

साहेबांनी कार्ड तीनदा वाचलं. "तज्ज्ञांचं मत आहे. एक लिटर."

"ते तिच्यापुरतं, साहेब," लहान्या म्हणाला. "ती आजारी हाय."

"आजारी बाईला एक लिटर पुरतं, तर धडधाकटाला जास्त कशाला?"

पाड्यात माणसं बासष्ट. बासष्ट लिटरसाठी टँकर पाठवणं म्हणजे डिझेलचा अपव्यय. टँकर नामंजूर झाला आणि एस.टी.च्या टपावरून दुधाच्या दोन कॅनमधून पाणी रवाना होऊ लागलं. गुरांचा उल्लेख कार्डावर नसल्याने त्यांचा विचार झाला नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही पाहणीला गेलो. फागीचे पाय सुजले होते, वजन चार किलोंनी वाढलं होतं.

"पाहा," साहेब म्हणाले, "एक लिटरवर चांगलं बाळसं धरलंय."

उरलेल्या एकसष्ट जणांची वजनं घटली होती. हे लोक उन्हात कामाला जाऊन मंजूर पाणी घामावाटे वाया घालवतात, असा शेरा मी लिहिला. आम्ही तिथे असतानाच कोंडी नावाची म्हातारी झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीने पाणी उपसताना चक्कर येऊन पडली. मला वाईट वाटलं. शेरा मात्र तसाच राहिला.

मेअखेरीस फागीच्या अंगातला रस पुन्हा सुटू लागला, सूज उतरली. लहान्या नवं कार्ड घेऊन आला, 'बंधन उठवले. तहानेप्रमाणे पाणी प्यावे.'

साहेबांनी कार्ड उलटंसुलटं केलं. "तहानेप्रमाणे म्हणजे किती? आकडा नाही. आकड्याशिवाय मंजुरी देता येत नाही."

लहान्याने कार्ड परत घेतलं. "मुंबईच्या दवाखान्यात नळ चालूच होता," तो म्हणाला. "फागीनं नर्सबाईला विचारलं, पाणी कुठलं? तं बोलली, वैतरणेचं. ती नदी तं आमच्याच डोंगराखालून जाते."

"तो विषय आमच्या शाखेचा नाही," साहेब म्हणाले. मी पुढची फाईल काढली.

पुढे माझी मुंबईला बदली झाली. इथे घरात नळ आहे. दाढी होईपर्यंत तो सुरूच असतो, तुमचाही असेल. तुमची तहान किती, त्याचा दाखला आणा, असं मला अजून कुणी म्हटलेलं नाही. तुम्हाला?